उपास कुणाचा आणि पुण्य कुणाला?

शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, आणि सुतार, लोहार, कुंभार, तेली, शिंपी अशा हातावर पोट असणाऱ्या सर्व मंडळींनो,

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो. सोमवार होता. शाळेत प्रार्थना चालू होती. सातवीतली एक पोर उभ्या जागी मटकन खाली बसली आणि आडवी झाली. तोंडावर पाणी मारले, सावलीत नेले. शुद्धीवर आल्यावर विचारले, "सकाळी काय खाल्लेस, बाळ?" ती म्हणाली, "काही नाही, सर. सोळा सोमवार धरलेत." "कशासाठी गं?" ती बोलेना. शेजारच्या मैत्रिणीने हळूच सांगितले, "चांगला नवरा मिळावा म्हणून, सर."

पोरीचे वय बारा वर्षे! ज्या वयात तिने दूध-भाकरी खाऊन हाड भरावे, गणितातले त्रैराशिक शिकावे, त्या वयात ती नवऱ्यासाठी पोट मारीत होती. आणि गंमत अशी, की आमच्या शाळेत रक्तवाढीच्या निळ्या गोळ्या सोमवारीच वाटतात. ही गोळी दुपारच्या जेवणानंतर घ्यायची असते. ज्या पोरी खिचडीला शिवत नाहीत, त्यांना गोळी कशी द्यावी? उपाशी पोटी दिली तर मळमळते. न दिली तर रक्त वाढत नाही. सरकार एका हाताने लोखंड देते आणि व्रत दुसऱ्या हाताने ते काढून घेते.

संध्याकाळी पोरीच्या बापाकडे गेलो. माणूस भला आहे, कष्टाळू आहे. म्हणाला, "गुरुजी, शिकवायचं काम तुमचं. देवाधर्मात तुम्ही कशाला पडता?" हे बोलताना त्याच्या गालात तंबाखूची गोळी होती. मी म्हणालो, "आबा, देवाधर्माचं मी काही बोलत नाही. एवढंच विचारतो, की घरात चार माणसं आहेत, मग सगळे उपास ह्या लेकराच्या आणि तिच्या आईच्याच वाट्याला कसे आले?" तो गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्यावरून हा लेख लिहावासा वाटला.

आमच्या लोकांची समजूत अशी, की उपासाने दोन गोष्टी मिळतात. एक पुण्य, दुसरे आरोग्य. ह्या दोन्ही गोष्टी आपण बाजारात गाडगे घेतो तशा वाजवून पाहू.

आधी उपासांचा हिशोब मांडू. वर्षाच्या एकादशा २४. संकष्टी चतुर्थ्या १२. आठवड्याचा एक वार, सोमवार म्हणा की गुरुवार म्हणा, ते ५२. नवरात्राचे नऊ. मार्गशीर्षातले गुरुवार चार. शिवाय महाशिवरात्र, वटपौर्णिमा, हरतालिका आणि ऋषिपंचमी. काही एकाच दिवशी येतात ते वजा केले, तरी बेरीज शंभराच्या घरात जाते. म्हणजे जी बाई हे सगळे पाळते, ती वर्षातले जवळजवळ साडेतीन महिने उपाशी किंवा अर्धपोटी असते. त्यातून ती रोजच सगळ्यांच्या मागून जेवते. कढईत खरवडून उरेल ते तिचे. हा उपास कोणत्याच पंचांगात लिहिलेला नाही.

आता हे उपास येतात केव्हा, तेही पाहा. श्रावणी सोमवार येतात तेव्हा शेतात खुरपणी चाललेली असते. नवरात्र येते तेव्हा सोयाबीनची सोंगणी. मार्गशीर्षातले गुरुवार येतात तेव्हा कापूस वेचणी. आमच्या जालना, अंबड, भोकरदन, परतूर भागात ही तिन्ही कामे मुख्यतः बायकांच्या कमरेवर चालतात. ज्याने व्रताचे पुस्तक रचले, त्याच्या घरची बाई खुरपायला जात नसावी, एवढे मात्र ह्यावरून उघड दिसते.

आणि पुस्तक रचले गेले ते लांब कुठे नव्हे, आपल्या शेजारच्या देवगिरीला. तेराव्या शतकात महादेव आणि रामदेवराव ह्या यादव राजांच्या दरबारी हेमाद्री पंडित होता. त्यालाच आपण हेमाडपंत म्हणतो. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणि' नावाचा प्रचंड ग्रंथ केला. त्याचा 'व्रतखंड' म्हणून एक भागच आहे. तिथीची व्रते, वाराची व्रते, महिन्याची व्रते, नक्षत्राची व्रते अशी शेकडो त्यात आहेत, आणि दान काय द्यावे, कोणाला जेवू घालावे हे जागोजाग आहे. शेतकऱ्याचे वर्ष पेरणी, राखण आणि सुगी ह्यांनी मोजले जाते. ते वर्ष दानदक्षिणेने मोजण्याची ही वही होती. पुढे १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा पहिल्याच प्रकरणात त्यांनी जन्मापासून मरणापर्यंत आणि पाडव्यापासून शिमग्यापर्यंत शेतकऱ्याच्या गाठीचा पैसा धर्माच्या नावाने कसा सुटत जातो, त्याचा पाढा वाचला. तो पाढा जुना झाला म्हणून खोटा झालेला नाही.

परंतु वाचकहो, एकट्या भटजीला दोष देऊन मोकळे होऊ नका. तो काळ मागे पडला. आज उपास वाढविणारे पुष्कळ आहेत. १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा सिनेमा आला, आणि ज्या गावांनी त्या देवीचे नावही धड ऐकले नव्हते, त्या गावांत बायका शुक्रवार करू लागल्या. त्यात कोणी हेमाडपंत नव्हता, तिकिटाची खिडकी होती. आज मोबाइलवर रोज नवा बुवा नवा वार सांगतो. किराणा दुकानात 'उपवास स्पेशल' म्हणून पुडे लटकतात. तेव्हा हात बदलले, खिसा मात्र आपलाच राहिला.

त्या पुड्यांत काय असते ते पाहू. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची. ह्यांना आपण पवित्र समजतो, आणि ज्वारी-बाजरीची भाकरी खाल्ली की उपास मोडतो! आता इतिहास ऐका. शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची आणि ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आदी लोकांची जहाजे इकडे येऊ लागल्यानंतर ते आपल्या देशात आले. आपल्याकडे साबुदाणा पूर्वी मलायाकडून यायचा, तो तिथल्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात तो माल बंद झाला, आणि १९४० नंतरच्या दशकात तामिळनाडूच्या सेलम भागात कंदापासून साबुदाणा करण्याचे कारखाने निघाले. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली असणे शक्यच नाही. परदेशातून आलेला कंद सोवळा, आणि आपल्या काळ्या आईच्या पोटी पिकलेली ज्वारी ओवळी! हा न्याय कोणी केला? ज्याने केला तो ज्वारी पिकवीत नव्हता, हे नक्की.

ऋषिपंचमीची तर आणखी तऱ्हा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही म्हणतात. बैल वर्षभर राबतो, त्याच्या मागे धनी राबतो, त्या दोघांच्या घामाचे अन्न एक दिवस वर्ज्य! आणि व्रत कशासाठी? पाळीच्या दिवसांत नकळत शिवाशिव झाली असेल तर त्या पापाच्या निवारणासाठी. ज्या गोष्टीवाचून तुमचा-माझा जन्म झाला नसता, तिचे पाप मानायचे आणि त्याची शिक्षा म्हणून बाईने उपाशी राहायचे. आमच्या शाळेतल्या मोठ्या पोरी हे ऐकतात आणि खाली मान घालतात. मला मास्तर म्हणून त्या खाली घातलेल्या मानेची लाज वाटते.

आता आरोग्याकडे वळू. उपासाने पोटाला विश्रांती मिळते, असे सांगतात. ज्याचे पोट रोज तुडुंब भरते, जो गादीवर बसून असतो, ज्याचे वजन वाढले आहे, त्याने एखादे जेवण टाळले तर त्याला बरे वाटेल. डॉक्टरही कधी कधी तसे सांगतात. परंतु विश्रांती कामकऱ्याला द्यायची असते, रिकाम्याला नव्हे. दिवसभर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोटाला कसली विश्रांती? तिला विश्रांती हवी ती पाठीला.

हल्ली शिकलेले लोक आणखी एक दाखला देतात. म्हणतात, जपानच्या शास्त्रज्ञाला उपासाबद्दल नोबेल मिळाले, आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होते. हे अर्धवट आहे. योशिनोरी ओसुमी ह्यांना २०१६ साली नोबेल मिळाले हे खरे. पण ते एकादशीबद्दल मिळालेले नाही. पेशी आपल्यातलाच जुना भाग मोडून पुन्हा कसा वापरते, ती क्रिया त्यांनी उलगडली, आणि ती यीस्टवर, म्हणजे पाव फुगविणाऱ्या बुरशीवर. त्यावरून रक्त कमी असलेल्या बाळंतिणीने निर्जळ राहावे असे निघत नाही.

आणि रक्त खरेच कमी आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळले. म्हणजे पंढरीच्या वाटेवर शंभर बाया चालत असतील तर त्यांतल्या चोपन्न अशा. अशा बाईला आपण भाकरी सोडायला लावतो आणि साबुदाणा देतो. बाजरीत शंभर ग्रॅममागे दहा-अकरा ग्रॅम प्रथिन आणि सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, त्यात प्रथिन नावाला आणि लोहही नावालाच. वर तेलातुपात परतायचा आणि बटाटा घालायचा. ज्याला साखरेचा आजार आहे त्याने तो खाल्ला की साखर चढते, आणि गोळी घेऊन काहीच खाल्ले नाही की साखर एकदम उतरून चक्कर येते. दोन्हीकडून मरण. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या आजीने उगीच केलेली नाही.

भगरीचे तर सगळ्यांना ठाऊकच आहे. भगर हे आपले जुने धान्य, त्यात वाईट काही नाही. पण ओल लागली, जुनी झाली, की तिला बुरशी धरते आणि बुरशीचे विष त्यात उतरते. २०२४ च्या फेब्रुवारीत नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडीला एकादशीच्या प्रसादातून सुमारे २,००० माणसांना बाधा झाली. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एकादशीला, आमच्या मंठा तालुक्याजवळच्या लोणार तालुक्यात, सोमठाणा गावी सप्ताहाच्या भगर-आमटीने शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात खाटा पुरेनात. दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या आणि रस्त्यावर माणसे निजविली. त्या दोरीकडे पाहून विचारावेसे वाटते, की त्या रात्री साधी ताजी भाकरी-पिठले केले असते तर विठ्ठल रागावला असता काय?

तरीही मी उपासाची सरसकट निंदा करणार नाही. मास्तराने दोन्ही बाजू फळ्यावर लिहाव्यात. आमचा वारकरी एकादशी करतो. त्याला भटजी लागत नाही, दक्षिणा लागत नाही. तो चालतो, भजन करतो, आणि द्वादशीला आपल्याबरोबर चार जणांना जेवू घालतो. त्या एकादशीने कुणबी, माळी, शिंपी, कुंभार एका फडात उभे केले. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रातोरात पायी जाणारी तरुण पोरे मी पाहतो. त्यांपैकी काही त्या दिवसापुरती तरी दारू सोडतात. ते चांगलेच आहे. आणि १९६५ साली देशात धान्याची टंचाई होती, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. पुष्कळांनी ते मनापासून पाळले. त्या उपासात अर्थ होता. ज्याच्याकडे होते त्याने ज्याच्याकडे नव्हते त्याच्यासाठी घास सोडला. उपासाचे खरे पुण्य एवढेच असेल.

आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे रोजे पाहा. महिनाभर कडक उपास. पण आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे. पुढे सवडीने रोजे भरून काढावेत, आणि ज्याला ते जमणारच नाही त्याने गरिबाला जेवू घालावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही सवलत आहे. कोणी म्हणेल, आमच्या शास्त्रात असे आहे काय? आहे! पण ते तुम्हांला कोणी वाचून दाखवीत नाही. जुन्या शास्त्रात म्हटले आहे, की आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. ह्यांत ब्राह्मणाची इच्छा कशी घुसली ते तुम्ही जाणताच! पण पाणी आणि औषध ह्यांनी व्रत मोडत नाही, हे त्याच ओळीत आहे. मग ज्येष्ठाच्या उन्हात वटपौर्णिमेला पाण्याचा थेंब न घेणारी, आणि उपास म्हणून रक्ताची गोळी चुकविणारी आमची भगिनी कोणाच्या आज्ञेने तसे करते? शास्त्राच्याही नव्हे. सासूच्या धाकाने आणि शेजारणीच्या तोंडाने.

त्याच शास्त्रात सर्व व्रतांचा सामान्य धर्म दहा प्रकारचा सांगितला आहे. क्षमा, सत्य, दया, दान, स्वच्छता, इंद्रियांवर ताबा, देवपूजा, होम, संतोष आणि चोरी न करणे. मोजून पाहा. ह्यांत साबुदाणा नाही. आता मला सांगा, आठवडी बाजारात मापात मारणारा आणि सोमवार करणारा एकच असेल तर त्याचे व्रत कोणते? बांध कोरणारा भाऊ चतुर्थी करतो. सुनेला टोचून खाणारी सासू गुरुवार करते. मजुराचे पैसे बुडविणारा मुकादम नवरात्रात अनवाणी हिंडतो. पोट रिकामे राहिले, पण मन होते तसेच भरलेले!

आणि बायकांच्या व्रतांचे काय बोलावे? नवऱ्यासाठी वड, नवऱ्यासाठी हरतालिका, नवरा मिळावा म्हणून सोमवार. बायकोसाठी नवऱ्याने करायचा एक तरी उपास मला कोणी दाखवावा. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून हाच प्रश्न पुरुषांच्या तोंडावर विचारला, की पतिव्रतेचे सारे नियम बायकांनाच का? त्याला एवढी वर्षे झाली. उत्तर अजून आलेले नाही.

उत्तर कहाणीतच आहे, असे मला वाटते. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तुमच्या घरोघर सांगतात. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायचे ठरविले. गावाला हुकूम झाला. लोकांनी भीतीने वासरे तोडली, लेकरांच्या तोंडचे काढले आणि सगळे दूध देवळात ओतले. गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी पोराबाळांना पाजले, सुनांना दिले, वासरांना पाजले, गाईंना चारापाणी केले, आणि उरलेले खुलभर दूध घेऊन आली. ते ओतले आणि गाभारा भरला. बंधूंनो, ही कहाणी कोणा तरी कष्टकरी म्हातारीनेच रचलेली असावी. तिने सगळे सांगून टाकले आहे. लेकराच्या तोंडचे काढून देवाला दिलेले देवाला पोचत नाही. आपण ही कहाणी ऐकतो, हातातले तांदूळ वाहतो, आणि घरी जाऊन राजासारखे वागतो.

आमच्या गल्लीत एक आजी आहे. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली. ती म्हणते, "मास्तर, त्या वर्षी देवानं आमच्याकडून वर्षभर उपास करून घेतले. त्याचं पुण्य कुठं जमा झालं ते काय मला कुणी सांगितलं नाही." ह्या प्रश्नापुढे मोठमोठे ग्रंथ लुळे पडतात.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. अठरा वर्षांच्या आतल्या पोरीला कोणताही उपास लावू नका. गरोदर, बाळंतीण, अंगावर पाजणारी, आजारी आणि रक्त कमी असलेली बाई, हिने उपास करू नये, हा घरच्या पुरुषाने आणि सासूने नेम धरावा. पाणी आणि गोळी कधीच सोडू नये. ज्याला करायचाच आहे त्याने एक वेळ भाकरी, दूध, फळ असा साधा करावा. भगर सुटी, ओलसर, जुनी घेऊ नये आणि तिचे दळण साठवू नये. उद्यापनासाठी कर्ज काढू नये. तो पैसा पोरीच्या वह्यापुस्तकांना लावावा. आणि पुरुषांनी तंबाखूचा, दारूचा आणि हात उगारण्याचा उपास करावा. हा उपास सोळा सोमवारांहून अवघड आहे, म्हणूनच त्याचे पुण्यही जास्त असावे.

त्या पोरीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पुढच्या सोमवारी तिचा बाप स्वतः शाळेत आला. म्हणाला, "गुरुजी, तिला खिचडी वाढा. उरलेले सोमवार मी करतो." दुपारी पोर पंगतीला बसली. जेवण झाल्यावर तिने निळी गोळी घेतली. बाप पुढचे सोमवार पाळतो की नाही ते मी विचारलेले नाही. पण त्या दिवशी त्याच्या गालात तंबाखू नव्हती, हे मी पाहिले.

आपला,
एक खेड्यातला मास्तर